मदत हवी आहे: हिरोशिमाच्या 'कंपाइल' या गेम कंपनीवर मराठी विकिपीडियासाठी लेख लिहितोय, तीन ठिकाणी अडलोय

नमस्कार मंडळी,

गेला महिनाभर एका लेखाचा मसुदा घेऊन बसलो आहे. जपानी जाणणाऱ्यांची आणि दिवाळखोरीचा कायदा कळणाऱ्या कुणाची तरी मदत हवी आहे. प्रश्न शेवटी लिहितो, पण कंपनीविषयी थोडं सांगितल्याशिवाय ते नीट कळणार नाहीत.

कंपाइल १९८२ साली हिरोशिमात सुरू झाली. संस्थापक मासामित्सु निइतानी, चाहत्यांमध्ये 'मू' निइतानी. बहुतेक मोठ्या जपानी गेम कंपन्या तोक्यो, ओसाका, क्योतो या पट्ट्यातल्या. ही त्यांच्यापासून लांब राहिली. सुरुवातीची वर्षं दुसऱ्यांसाठी कामं करण्यात गेली, त्यामुळे कित्येक खोक्यांवर हिचं नाव ठळक दिसतच नाही. मलाही ही कंपनी अशीच सापडली. अगदी वेगवेगळ्या प्रकाशकांचे, मला मनापासून आवडलेले तीन गेम एकाच घरात बनले होते, हे फार उशिरा लक्षात आलं.

त्यातला पहिला 'झानाक', १९८६ चा. पडदा वरून खाली सरकत राहतो, आपलं विमान गोळ्या झाडत पुढे जातं. असे गेम तेव्हा ढीगभर होते, पण झानाक आपल्याकडे बघत असतो. तुम्ही बटण दाबून धरून सतत गोळीबार केलात तर शत्रू वाढतात, चिवट होतात. जीव गेला की गेम जरा नरमतो. त्यामुळे दोघांनी खेळलेला एकच टप्पा सारखा होत नाही. खेळणाऱ्याचा हात पाहून काठिण्य बदलायचं, हे १९८६ सालच्या इवल्याशा स्मृतीत बसवलं होतं! लेखात याला एक अख्खा परिच्छेद द्यायचा माझा आग्रह आहे.

दुसरा 'द गार्डियन लेजेंड'. जपानमध्ये १९८८ साली 'गार्डिक गायदेन' या नावाने आला. यातली नायिका चक्रव्यूहात पायी फिरते आणि लढाईच्या वाटांवर स्वतःच अंतराळयान होते. पाश्चात्त्य आवृत्तीत पासवर्डच्या जागी 'टीजीएल' ही तीन अक्षरं टाकली की पायी भटकंती गळून फक्त विमानाच्या लढाया उरतात. शिवाय विमानांच्या लढायांची 'आलेस्ते' मालिका (१९८८ पासून) आणि हडसन या जपानी गेम कंपनीसाठी केलेला तसाच 'गनहेड' (१९८९) आहेतच.

मग १९९० मध्ये 'मादो मोनोगातारी' आला. आर्ले नावाची सहा वर्षांची मुलगी जादूच्या बालवाडीची शेवटची परीक्षा म्हणून मनोरा चढते. यात जीव किती उरला याचा आकडाच दिसत नाही, तो आर्लेच्या चेहऱ्यावरून आणि शब्दांतून ओळखायचा. हीच पात्रं घेऊन १९९१ मध्ये 'पुयो पुयो' निघाला. वरून जोड्यांनी पडणारे गोळे, एका रंगाचे चार चिकटले की नाहीसे, आणि त्यातून साखळी लागली की अडथळ्याचे गोळे, म्हणजे कचरा, समोरच्या खेळाडूच्या डोक्यावर. १९९२ मध्ये सेगा या मोठ्या गेम कंपनीबरोबर आर्केड आवृत्ती (नाणं टाकून खेळायच्या यंत्रांसाठीची) आली आणि जपानभर गाजली. परदेशात मात्र पात्रं बदलली गेली. १९९३ मध्ये तो सेगाच्या 'सॉनिक' मालिकेतला खलनायक डॉक्टर रोबोटनिक याच्या नावाने विकला गेला, १९९५ मध्ये निन्टेन्डोच्या कर्बी या पात्राच्या. आपल्यापैकी काहींनी तो सॉनिकचा गेम समजून खेळला असेल. मीही त्यातलाच.

यशाबरोबर पसारा वाढला. हिरोशिमाची मोमिजी मांजू ही मेपलच्या पानाच्या आकाराची मिठाई प्रसिद्ध आहे. कंपाइलने पुयोच्या आकाराची 'पुयोमान' काढली. एका मनोरंजन उद्यानाचीही योजना होती, ते कधी उभं राहिलं नाही. १९९८ मध्ये कंपनी आर्थिक संकटात न्यायालयात गेली आणि पुयो पुयोचे हक्क सेगाकडे गेले. त्यानंतरही १९९९ मध्ये 'पुयो पुयोन' आणि २००१ मध्ये 'झानाक × झानाक' निघाले. २००३ मध्ये दार कायमचं बंद झालं.

आता प्रश्न:

पहिला, नावांचा. 'निइतानी' लिहू की 'नीतानी'? 'पुयो' हा शब्द तसाच ठेवू का?

दुसरा, सगळ्यात अवघड. १९९८ मध्ये जे झालं त्याला जपानीत 'वागी' म्हणतात. मी 'दिवाळखोरी' लिहिलं होतं. पण दिवाळं निघालेली कंपनी पुढची पाच वर्षं गेम कशी काढेल? वाचणाऱ्याला हे खोटं वाटेल.

तिसरा, हे गेम आज पैसे देऊन रीतसर कुठे मिळतात? लेखात चोरीच्या फाइलींकडे बोट दाखवायचं नाही.

प्रतिसाद १

पुण्यात जपानी शिकवते, म्हणून पहिल्या प्रश्नापुरतं सांगते. 'नीतानी' लिहा. जपानीत तिथे दोन 'इ' लागोपाठ येतात आणि उच्चार लांब होतो. रोमन लिपीत तो दोन अक्षरांनी दाखवावा लागतो, आपल्याकडे त्यासाठी दीर्घ ईकार आहेच. मराठी वाचणारा 'निइतानी' मध्येच तोडून वाचेल.

'पुयो पुयो' तसंच ठेवा, पण अर्थ जरूर द्या. हा जपानीतला अनुकरणवाचक शब्द आहे, मऊ आणि हलणाऱ्या वस्तूचा. मराठीत 'लिबलिबीत' किंवा 'थुलथुलीत' अगदी जवळचे. इंग्रजीत अशा शब्दांचं भाषांतर करताना माझे विद्यार्थी रडकुंडीला येतात, मराठीत सरळ जोडी सापडते. तुमच्या लेखात हे आलं तर मला फार आनंद होईल.

प्रतिसाद २

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तुमची शंका बरोबर आहे, 'दिवाळखोरी' काढा. वागी हा १९२२ च्या कायद्याखालचा मार्ग होता. ऋणको न्यायालयाकडे अर्ज करतो, धनकोंपुढे फेडीचा प्रस्ताव ठेवतो, धनकोंच्या बहुमताने आणि न्यायालयाच्या मंजुरीने तो लागू होतो. धंदा चालूच राहतो, हाच त्याचा हेतू. २००० साली जपानने तो कायदा रद्द करून नागरी पुनर्वसनाचा नवा कायदा आणला, म्हणून आजच्या जपानी बातम्यांत हा शब्द भेटत नाही. मी लिहिलं असतं तर 'न्यायालयाच्या देखरेखीखाली धनकोंशी तडजोड' असं लिहिलं असतं. आपल्याकडच्या २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतली संज्ञा वापरू नका, प्रक्रिया वेगळी आहे.

प्रतिसाद ३

तिसरा प्रश्न: हक्क विखुरलेले आहेत, ते लेखात स्पष्ट करा. पुयो पुयो सेगाकडे. बाकी बरेच जुने गेम डी४ एंटरप्राइज या जपानी कंपनीकडे, ते 'प्रोजेक्ट एग' या जपानी सेवेवर विकत मिळतात. आलेस्तेचं काम एम२ ही जपानी गेम कंपनी करते. त्यांनी २०२० मध्ये 'आलेस्ते कलेक्शन' काढलं आणि त्यात 'जीजी आलेस्ते ३' हा अख्खा नवा गेम सेगाच्या गेम गिअर या जुन्या हातात धरायच्या यंत्राच्या मर्यादांत बसवून बनवला. 'कंपाइल हार्ट' (२००६) ही वेगळी कंपनी आहे, आयडिया फॅक्टरी या दुसऱ्याच गेम कंपनीची. नाव सारखं म्हणून दोन्हींचा इतिहास एकत्र होऊ देऊ नका.

धागाकर्ता

तिघांचे मनापासून आभार. 'नीतानी' केलं, आणि 'लिबलिबीत' पहिल्याच परिच्छेदात घेतलं.

वागीचा खुलासा वाचून लेखाची मांडणीच बदलली. आधी पहिल्या ओळीत 'दिवाळखोर झालेली कंपनी' असं होतं. आता सुरुवात अशी आहे: 'कंपाइल ही १९८२ ते २००३ या काळात हिरोशिमात काम करणारी व्हिडिओ गेम कंपनी होती. झानाक, आलेस्ते, मादो मोनोगातारी आणि पुयो पुयो हे तिचे प्रमुख गेम.' १९९८ ची हकिगत तिच्या जागी, खाली येते. नीतानी यांनी २०१६ मध्ये 'कंपाइल मारू' नावाने पुन्हा कंपनी काढली, तेही जोडलं आहे.

एक अडचण उरली आहे. खेळणाऱ्याचा हात पाहून काठिण्य बदलणाऱ्या झानाकच्या त्या यंत्रणेला मराठीत काय म्हणावं? 'स्वयंचलित काठिण्य-नियंत्रण' लिहिलंय, पण ते सरकारी परिपत्रकातल्यासारखं वाटतं. 'काठिण्य' ऐवजी 'कस' वापरून काही जमेल का? सुचलं तर इथेच लिहा, रविवारी रात्री मसुदा चढवणार आहे.