पैसे गेले, पण पोचले नाहीत: हॉटेलच्या गल्ल्यापाशी आलेले अनुभव

नौपाडा, ठाणे

गेल्या रविवारी राम मारुती रस्त्यावरच्या एका उपाहारगृहात एक आजोबा हातातला फोन गल्ल्यावरच्या माणसाकडे वळवून पुन्हा पुन्हा सांगत होते, "बघा, माझ्या खात्यातून गेले आहेत." तो आवाज ऐकला आणि मला माझे बाबा आठवले. २०१८ साली, निवृत्तीनंतर, ते आम्हा सगळ्यांना वाशीला जेवायला घेऊन गेले होते आणि बिल स्वतःच्या फोनवरूनच द्यायचे, असे घरूनच ठरवून निघाले होते. ६४० रुपये कापले गेल्याचा संदेश आला. हॉटेलकडे मात्र काहीच पोचले नाही. मागे लोक खोळंबले होते. बाबांनी एक शब्दही न बोलता पाकिटातून रोख रक्कम काढून दिली आणि घरी येईपर्यंत ते गप्पच होते. पैसे तिसऱ्या दिवशी परत आले. परंतु आयुष्यभर हिशेबाची नोकरी चोख केलेल्या माणसाकडे चारचौघांनी संशयाने पाहिले, हे मला आजही बोचते. आपणांपैकी कोणावर अशी वेळ आली असल्यास कृपया लिहावे.

ऐरोली

मी बँकेतून निवृत्त झालो आहे. ताई, आपल्या वडिलांच्या प्रसंगानंतर, सप्टेंबर २०१९ मध्ये, रिझर्व्ह बँकेने याविषयी परिपत्रक काढले. दुकानदाराला यूपीआयने दिलेली रक्कम खात्यातून वजा झाली, पण त्याच्याकडे पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक तेवढा टिपून ठेवावा, कारण तक्रार त्यावरच चालते. आणि व्यवहार प्रलंबित दिसत असताना घाईने दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत. पुष्कळदा दोन्ही रकमा पोचतात.

कोपरखैरणे

गल्ल्याच्या आतल्या बाजूनेही लिहावेसे वाटले. माझी छोटी खानावळ आहे. रबाळे एमआयडीसीतले कामगार दुपारी जेवायला येतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या तेव्हा मी महिनाभर सगळ्यांची उधारी वहीत मांडली होती आणि एकानेही ती बुडवली नाही. त्यामुळे फोनवर हिरवी खूण दाखवली की मी मान डोलावत असे. मग एका संध्याकाळी खाते तपासले, तर दाखवलेल्या खुणांपैकी तीन थाळ्यांचे पैसे आलेलेच नव्हते. दुसऱ्या खेपेस कोणीतरी माझ्या क्यूआर कोडवर स्वतःचा कोड चिकटवून गेले. अर्ध्या दिवसाची कमाई कुठे गेली, ते कळलेच नाही. आता रक्कम मोठ्याने सांगणारा खोका भाड्याने घेतला आहे आणि सकाळी कोडचा कागद मी बोटाने चाचपून पाहते. खोका बोलला नाही, तर मी ग्राहकाला थांबवते. त्यांनी तो अपमान समजू नये, एवढीच कळकळीची विनंती आहे. थाळीमागे माझ्या हाती फार थोडे उरते.

खारघर

मला वाढप्यांविषयी लिहायचे आहे. पूर्वी बडीशेपेच्या ताटलीत सुटे पैसे परत येत आणि त्यांतले दहा-वीस रुपये आपोआप मागे राहत. आता रुपयापर्यंत अचूक रक्कम जाते आणि ताटली रिकामी परत जाते. आमच्या नेहमीच्या हॉटेलातल्या वाढप्याला विचारले, तेव्हा त्याने शांतपणे सांगितले, की गावी पाठवायच्या पैशांत त्या सुट्यांचा मोठा हिस्सा असे. तेव्हापासून मी पर्समध्ये वीसच्या नोटा आठवणीने ठेवते.

नेरुळ

आईला पिन आठवत नसे, म्हणून तिला यूपीआय लाइट सुरू करून दिले. एका वेळी हजार रुपयांपर्यंत पिन लागत नाही आणि त्यात पाच हजारांहून अधिक शिल्लक ठेवता येत नाही. परवा तिने आम्हा सगळ्यांना मिसळ खिलवली आणि पैसे स्वतः दिले. फार बरे वाटले.

नौपाडा, ठाणे

काका, आपला मजकूर बाबांना वाचून दाखवला. त्यांनी जुनी वही काढली; ६४० गेले आणि ६४० आले, दोन्ही नोंदी तारखेसह आहेत. बारा अंकी क्रमांकासाठी त्यांनी लगेच नवा रकाना आखला. कोपरखैरण्याच्या ताई, त्या दिवसापासून बाबांनी हॉटेलात फोन पुढे केलेला नाही. त्यांना तुमच्याकडे जेवायला आणावे, असे मनात आहे. शनिवारी खानावळ उघडी असते का?

कोपरखैरणे

शनिवारी दुपारी तीनपर्यंत असते. बाबांना अवश्य आणा आणि पैसे त्यांनाच फोनवरून देऊ द्या. खोका बोलायला वेळ लागला, तर तोवर त्यांना बसायला खुर्ची देईन आणि ताक पाठवीन.