नातवाची मुंज, अधिक मास आणि घरची इतर कार्ये: २०२६ सालाचे वेळापत्रक कसे बसवावे?

घाटावरचे मास्तर यांचा प्रश्न

सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

मी वाईचा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला, वय वर्षे ७४. घरात आम्ही दोघेच असतो. थोरला मुलगा सहकुटुंब न्यू जर्सीत, धाकटा ठाण्यात आणि मुलगी नाशिकला, अशी पांगापांग आहे. दर डिसेंबरात नवे कालनिर्णय घरात आले की मी शिसपेन्सिल घेऊन बसतो आणि सण, वाढदिवस, येणारी-जाणारी माणसे यांच्या खुणा करून ठेवतो. पेनाने लिहीत नाही, कारण मुलांच्या रजा मंजूर होईपर्यंत आमच्या घरात कोणतीच तारीख पक्की नसते. येते वर्ष मात्र पेन्सिलीनेही बसवता येईना, म्हणून येथे विचारतो आहे.

ठाण्याची नात दहा महिन्यांची आहे. तिचे पहिले बोरन्हाण १४ जानेवारीची संक्रांत आणि २५ जानेवारीची रथसप्तमी यांच्या दरम्यान करायचे आहे आणि हलव्याचे दागिने आजीच्या हातचेच असावेत, असा धाकट्या सुनेचा आग्रह आहे. ते आटोपते न आटोपते तोच फेब्रुवारीच्या उत्तरार्धात नाशिकच्या नातीची दहावीची परीक्षा सुरू होते. मुलीची नोकरी पाळीची असल्यामुळे त्या काळात आपली आई नाशिकला येऊन राहावी, असे तिला वाटते. मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ, म्हणजे जावयाचे वाण आले. गणपती आम्हा तिघा भावांकडे पाळीने बसतो आणि येत्या वर्षी पाळी आमची आहे, तेव्हा १४ सप्टेंबरपासून २५ तारखेच्या अनंत चतुर्दशीपर्यंत घर सोडता येणार नाही. दिवाळीनंतर तुम्ही इकडे या आणि चांगले चार-पाच महिने राहा, असे थोरला म्हणतो, तर डिसेंबरात मला ७५ पूर्ण होत असल्यामुळे ऐंद्री शांत करावी, असे धाकट्याच्या मनात आहे.

खरी गाठ बसली आहे ती थोरल्याच्या मुलाच्या मुंजीवर. त्याला आठवे लागले आहे. त्याची शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुटते, तेव्हा त्यानंतरच येऊ, असे मुलाचे म्हणणे. १७ मे ते १५ जून अधिक मास आहे आणि पुढेही फारसे दिवस उरत नाहीत, असे आमच्या गुरुजींचे म्हणणे. हे ऐकून मुलगा म्हणाला की मग जुलैच्या अखेरीस करू या, तेव्हा कार्यालयेही रिकामी मिळतात. ती तेव्हा रिकामी का असतात, हे त्याला फोनवर समजावून सांगणे मला काही जमले नाही.

मुहूर्ताची ही अडचण कशी सोडवावी, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न विचारायला थोडा संकोच वाटतो. सगळीकडे जाणे आता शरीराला आणि खिशाला झेपत नाही. सौ.चा उजवा गुडघा दोन जिने चढला की संध्याकाळी सुजतो. तिन्ही मुलांपैकी कोणालाही ‘तुमच्याकडे येत नाही’ असे न वाटता यातले काय गाळावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.


उत्तर १: पंचांगवाचक

मास्तर, नमस्कार. गुरुजींचे बरोबर आहे. मुंज उत्तरायणात, माघ ते ज्येष्ठ या महिन्यांत करावी, असा आपल्याकडचा प्रघात आहे. अधिक मासात मुंज, लग्न, वास्तुशांत अशी मंगलकार्ये करत नाहीत. बाराव्या दिवसाचे बारसे वगैरे जी कार्ये काळाशी बांधलेली असतात, ती मात्र चालतात. निज, म्हणजे अधिकानंतरचा खरा ज्येष्ठ १६ जूनला सुरू होईल आणि २१ जूनला दक्षिणायन लागेल. म्हणजे जूनमध्ये आपल्या हाती जेमतेम पाच-सहा दिवस येतात, त्यातही तिथी, वार, नक्षत्र आणि बटूचे गुरुबळ, म्हणजे गुरू ग्रहाची अनुकूलता, पाहिले की एखादा दिवस उरला तर उरला, आणि न्यू जर्सीतली शाळा नेमकी त्याच आठवड्यात सुटणार आहे. तो दिवस धरून विमानाची तिकिटे काढणे मला धोक्याचे वाटते. चिरंजीव सुचवतात त्या जुलैच्या अखेरीस तर चातुर्मास असेल, कारण आषाढी एकादशी २५ जुलैला आहे.

माझी सूचना अशी की जूनचा नादच सोडावा आणि चैत्र पाहावा. गुढीपाडवा १९ मार्चला आहे, म्हणजे एप्रिलचा पहिला पंधरवडा चैत्रातच येतो आणि चैत्रातली मुंज तर चांगलीच मानतात. तिकडच्या शाळांना वसंतात काही सुट्टी असते, असे ऐकले आहे. त्याबद्दल तेथील सभासदांनी सांगावे.

एक विषयाला धरूनच सांगतो. अधिक मास येऊन गेल्यावर त्या वर्षीचे पुढचे सण इंग्रजी तारखेने उशिरा येतात. २०२५ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, ती आता १४ सप्टेंबरला आली आहे, आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर गेले आहे. परदेशातली मुले गेल्या वर्षीच्या तारखांच्या अंदाजाने रजा टाकतात आणि मग गौरी जेवून गेल्यावर किंवा दिवाळीच्या पंधरा दिवस आधी घरी पोहोचतात, हे मी दोन घरांत पाहिले आहे. कालनिर्णयाच्या त्या पानांची छायाचित्रे आजच सर्वांना पाठवून द्यावीत.


उत्तर २: एडिसनकर

काका, मी आपल्या चिरंजीवांच्याच राज्यात राहतो, तेव्हा इकडची बाजू सांगतो. येथील शाळांना ईस्टरच्या आसपास साधारण आठवडाभर सुट्टी असते. नेमके दिवस गावागणिक बदलतात, पण २०२६ मध्ये ईस्टर ५ एप्रिलला असल्यामुळे पंचांगवाचकांनी सांगितलेल्या काळाशी ते जुळावेत. एवढ्या लहान मुलाला त्याला जोडून चार-पाच दिवस शाळा बुडवावी लागली, तर आधी पत्र देऊन ते बहुधा जमवता येते. आम्ही थोरलीच्या वेळी तसेच केले होते. मुलाचा पासपोर्ट अमेरिकन असेल, तर त्याचे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळते ते) किंवा व्हिसा हाताशी आहे ना, एवढे आजच विचारून घ्या.

उन्हाळ्याच्या सुट्टीसारखे निवांत राहायचे स्वप्न मात्र एप्रिलमध्ये पुरे होणार नाही. राहणे दहा-बारा दिवसांवर येईल, आणि त्यातले पहिले तीन दिवस नातू रात्री दोन वाजता टक्क जागा राहून आजोबांना उठवील. मुंज पोहोचल्यानंतरच्या पाचव्या दिवसाच्या आत ठेवू नका, असे मी अनुभवावरून सांगतो. आमच्या पुतण्याची तिसऱ्याच दिवशी ठेवली होती आणि गुरुजी गायत्री मंत्राचा उपदेश करत असताना बटू वडिलांच्या मांडीवर झोपला होता.

दुसरे असे की संध्या शिकवण्याचे काम आजोबांनी घ्यावे. हिवाळ्यात आपल्यात साडेदहा तासांचा फरक असतो. येथे शनिवारी रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा वाईत रविवारचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. आपण आपली संध्या करता करता त्याला आचमन आणि विष्णूची चोवीस नावे शिकवू शकता. जानेवारीपासून धरले तर दहा-बारा रविवार मिळतात. आठ मार्चला येथील घड्याळे तासभर पुढे जातात, तेव्हापासून मात्र आपल्याला साडेपाचलाच बसावे लागेल.


उत्तर ३: सांगलीची आजी

मास्तरांना सप्रेम नमस्कार.

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात सुनेचा आग्रह आहे, मुलीचे वाटणे आहे, दोन्ही मुलांचे म्हणणे आहे आणि गुरुजींचेही मत आहे. ज्यांनी हलव्याचे दागिने करायचे, परीक्षेच्या दिवसांत नाशिकचा स्वयंपाक सांभाळायचा, अधिक मासात अनारसे तळायचे आणि गणपतीचे दहा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पंगती वाढायच्या, त्यांचे मत मात्र कोठेच नाही. आला आहे तो फक्त त्यांचा गुडघा. रागावून लिहीत नाही, आमच्या घरीही असेच असते. पण आपला दुसरा प्रश्न येथे विचारण्याआधी स्वयंपाकघरात विचारावा, असे मला वाटते.

कामे म्हणजे काय असतात, ते थोडे सांगते. काटेरी हलवा करायचा म्हणजे मंद शेगडीवर परात ठेवून तिळावर किंवा साबुदाण्यावर चमचा-चमचा पाक घालत तासन्‌तास बोटांनी हलवत बसायचे, तेही लागोपाठ तीन-चार दिवस. अनारशांचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, सावलीत वाळवून कुटायचे, गूळ मिसळून पीठ मुरवायचे, आणि एवढे करूनही तुपात टाकल्यावर अनारसा हसला, म्हणजे पसरून विरघळला, की पुन्हा पहिल्यापासून. वाणाला तेहेतीस लागतात. जावई त्यांतले चार खातो. तेहेतीस बत्तासे आणि चांदीचे निरांजन दिले तरी वाण पोहोचते. आम्ही गेल्या अधिकात, २०२३च्या श्रावणात, तसेच केले आणि जावईबापूंनी काही लग्न मोडले नाही.

दिवाळीनंतर अमेरिकेला जाण्याबद्दल. मी एक हिवाळा मुलाकडे काढला आहे. डिसेंबरात साडेचार वाजता अंधार पडतो, बाहेर बर्फ असल्यामुळे चालायला जाता येत नाही, आणि मुलगा-सून कामावर व नातवंडे शाळेत गेली की शाळेची पिवळी बस परत केव्हा येते, हे पाहत खिडकीशी बसून राहायचे. नातवंडांचा सहवास मिळतो तो संध्याकाळचे तीन तास. व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिने राहता येते म्हणून सहा महिने राहिलेच पाहिजे, असे नाही. जायचेच असेल तर त्यापुढच्या, २०२७च्या मे-जूनमध्ये दीड महिन्यासाठी जा, आणि आधीच्या आजारांचा समावेश असलेला प्रवासविमा मुलाकडून काढून घ्या. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला असतोच, ते निमित्त नकार द्यायला फार उपयोगी पडते. मी वापरले आहे.


उत्तर ४: लाल डबा

प्रवासखर्चाचे तेवढे लिहितो. एसटीत ६५ ते ७५ वर्षे वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे आणि ७५ पूर्ण झाल्यावर राज्यात विनामूल्य प्रवास आहे. महिलांना २०२३ पासून कोणत्याही वयात अर्धे तिकीट आहे. म्हणजे डिसेंबरपर्यंत आपण दोघेही अर्ध्या तिकिटात, आणि त्यानंतर आपण फुकट व काकू अर्ध्यात. आधार कार्ड जवळ ठेवावे. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० मध्ये बंद झाली ती अजून सुरू झालेली नाही आणि आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडते, त्यामुळे दिवाळीच्या परतीच्या गाडीची आठवण सप्टेंबरात, नेमकी गणपतीच्या गडबडीत ठेवावी लागेल. वाई-नाशिक एका दिवसात करू नका. गुडघ्याचे दुखणे असेल तर पुण्यात एक रात्र थांबा.


घाटावरचे मास्तर

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. सांगलीच्या आजींचे उत्तर मी सौ.ला मोठ्याने वाचून दाखवले. ती मेथी निवडत होती. सगळे ऐकून घेतल्यावर तिने जे सांगितले, ते मला एकोणपन्नास वर्षांच्या संसारात आधी का विचारावेसे वाटले नाही, याचा मी दोन दिवस विचार करतो आहे.

हलव्याचे दागिने ठाण्यात तयार मिळतात, ते आणावेत; बोरन्हाणाला आपण जाऊ, पण दोन दिवसांत परत यायचे. नाशिकला मात्र ती महिनाभर आनंदाने राहणार आहे, आणि त्याचे कारण परीक्षा नाही. नात आणि ती एकाच खोलीत झोपतात आणि दिवा घालवल्यावर नात तिला सगळे सांगते, असे ती म्हणाली. मुंज कार्यालयात न करता घरी, पन्नास माणसांत व्हावी आणि मातृभोजनाला तिच्या माहेरची चांदीची ताटली काढावी, एवढीच तिची अट आहे. ऐंद्री शांत आम्ही डिसेंबरात घरच्या घरी करू, थोरल्याने त्यासाठी पुन्हा तिकीट काढू नये. अमेरिकेला हिवाळ्यात जायचे नाही, हे मीच त्याला कळवायचे आहे, तिने नव्हे. तो काल फोनवर थोडा गप्प झाला, पण एप्रिलला तयार आहे आणि शाळेला पत्र देणार आहे.

अधिक मासात ती कोठेही जाणार नाही. पहाटे घाटावर स्नान, दुपारी पोथी आणि घरी कोणी मुक्कामाला नाही, असा एक महिना तिला हवा आहे. हे सांगताना तिने माझ्या हातातली पेन्सिल बाजूला ठेवली आणि १७ मेपासून १५ जूनपर्यंतची रेघ पेनाने मारायला लावली.

गुरुजींना ४ ते १२ एप्रिलमधला दिवस पाहायला सांगितले आहे. एडिसनकर, येत्या रविवारी साडेसहाला मी पळी-पंचपात्र घेऊन फोनसमोर बसतो आहे. नातवाकडे तिकडे पळी नाही. चहाच्या चमच्यावर सध्या चालवून घ्यावे की येथून पाठवावी?