अनुभव धागा – उर्दू, कन्नड, तेलुगू, तमिळ शाळांतली मागे पडलेली मुलं: तुमच्या हाताला काय लागलं?

सोलापुरात पूर्व भागात मी अकरा वर्षं संध्याकाळचा वर्ग घेते. येणारी मुलं तेलुगू, कन्नड आणि उर्दू शाळांतली, नाहीतर तिथून मराठी शाळेत आलेली. बहुतेक गटांगळ्या खाणारी. तुमच्यापैकी बरेच जण हेच काम करता, म्हणून हा धागा. मुलगा पहिला आला, पेढे वाटले, एवढंच नको. पोर नेमकं कुठं अडलं होतं आणि ते तुम्हाला कसं कळलं, ते लिहा. सुरुवात माझ्यापासून.

सहावीतला मुलगा, तेलुगू शाळेतून मराठी शाळेत आलेला. ‘सत्तावीस’ म्हटलं की हा ७२ लिहायचा. ‘चौतीस’ म्हटलं की ४३. मी धरून चालले की लक्ष नाही. दोनदा सगळ्यांसमोर रागावलेसुद्धा, आणि ते मला अजून डाचतं. तीन दिवस आला नाही म्हणून घरी गेले. अम्मा विड्या वळत होती आणि हा शेजारी बसून जुड्या मोजत होता. तोंडानं तेलुगूत आकडे चालले होते, हात थांबत नव्हता, एकदाही चुकला नाही. ‘इरवै एडु’ म्हणाला आणि वहीच्या कोपऱ्यात २७ लिहून पुढं गेला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ‘इरवै एडु’ म्हणजे वीस-सात. वीस आधी, सात नंतर, जसं लिहितो तसंच. मराठीत ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी कानावर येतो. पोरगा आधी ऐकलेला अंक आधी लिहीत होता. कन्नड आणि तमिळमध्येही दशक आधीच. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? मराठी बिघडवताय म्हणून लोक तुटून पडले होते. माझ्या वर्गातल्या मुलांकडे बघून मला तरी ते पटलं होतं.

उपाय साधा निघाला. मराठी आकडा ऐकायचा, तेलुगूत पुटपुटायचा, मग लिहायचा. तीन आठवड्यांत उलटे आकडे थांबले. त्याआधी मी त्याची माफी मागितली, सगळ्यांसमोरच.

भिवंडी, उर्दू शाळेत गणिताची शिक्षिका

ताई, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे मुलं मातृभाषेतून शिकतात असं सगळे धरून चालतात. पण माझ्या वर्गातल्या निम्म्याअधिक मुलांच्या घरी पुस्तकातली उर्दू नसतेच. आई-वडील उत्तर प्रदेशातून लूमवर कामाला आलेले, घरात अवधी नाहीतर भोजपुरी. मग वर्गात ‘निस्फ़ क़ुतर’, म्हणजे त्रिज्या, आलं की ते त्यांच्यासाठी जर्मन असल्यासारखंच.

नववीतला एक मुलगा. रात्री लूमवर सुताची कांडी भरायला जायचा आणि सकाळी बाकावर डोकं टाकायचा. वर्तुळाची सगळी सूत्रं तोंडपाठ, गणित एकही सुटत नाही. निस्फ़ क़ुतर म्हणजे काय, विचारलं तर म्हणाला, “आपा, वो जो फॉर्म्युले में आता है.”

दुसऱ्या दिवशी जुनी वर्तमानपत्रं नेली. डब्याचं झाकण ठेवून प्रत्येकानं गोल कापला. बरोबर मधोमध घडी घातली. घडी उघडली की आडवी रेघ दिसते. हा क़ुतर, म्हणजे व्यास. पुन्हा घडी घातली, दोन रेघा एकमेकींना जिथं छेदतात तो मध्य. तिथून काठापर्यंत किती? “आधा,” तो म्हणाला. आधाला किताबी उर्दूत निस्फ़ म्हणतात, मी सांगितलं. त्यानं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “बस, इतना ही था?”

मला वाटतं ‘निस्फ़ क़ुतर’ हा ‘त्रिज्या’पेक्षा चांगला शब्द आहे. व्याख्या शब्दातच आहे, अर्धा व्यास. पण तो उघडून दाखवावा लागतो. आता मी प्रत्येक धड्याआधी वहीचं एक पान चार रकान्यांत आखून घेते: घरचा शब्द, किताबी उर्दू, मराठी, इंग्रजी. आधा, निस्फ़ क़ुतर, त्रिज्या, रेडियस. अकरावीला सायन्स घेतलं की सगळं इंग्रजीत येतं आणि दहावीला सत्तर टक्के मिळवलेली मुलंही तिथं कोसळतात. हे पान त्यांना पुढं पुरतं. आणखी एक, शिक्षकांसाठी: उर्दू वहीत वाक्य उजवीकडून सुरू होतं आणि समीकरण डावीकडून. वाक्यातून समीकरणात जाताना पायऱ्या सुटतात त्या बऱ्याचदा इथंच. मी समीकरण नेहमी वेगळ्या ओळीवर घ्यायला लावते.

मालेगाव, निवृत्त मुख्याध्यापक

आमची मुलं नापास व्हायची ती मराठीत. ‘माझी पुस्तक’ लिहितात, कारण उर्दूत किताब स्त्रीलिंगी. लाल शाईनं रेघ मारून हे सुटत नाही. मी तोंडी कामावर भर दिला, कारण मुलं बोलायला घाबरत नाहीत, लिहायला घाबरतात. २०१९ ला भाषांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण काढले आणि राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले. लोक त्याला फुकटचे गुण म्हणायचे. माझ्या शाळेतल्या मुलीला तेवढ्यासाठी पाच मिनिटं अनोळखी माणसासमोर मराठीत उभं राहून बोलावं लागायचं. ते फुकटचं नव्हतं.

जत तालुका, स्वतः विद्यार्थिनी होते

मी सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या कन्नड शाळेत. आठवीला जवळ फक्त मराठी हायस्कूल. जूनच्या पहिल्या दिवशी सरांनी पुस्तक वाचायला उभं केलं. अक्षरं जुळवत होते, मागून हसण्याचा आवाज आला. त्यानंतर दोन वर्षं मी वर्गात तोंड उघडलं नाही. प्रगतिपुस्तकावर ‘अबोल’ असं लिहिलेलं आहे. घरी मी सगळ्यात जास्त बोलणारी!

दहावीला मराठी आणि गणित, दोन विषय गेले. अप्पा म्हणाले, आता पुरे. मावशीच्या ओळखीतल्या एका बाईंनी त्यांना घरी येऊन सांगितलं की जुलैत पुरवणी परीक्षा असते, आणि दोनच विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो. वर्ष वाया जात नाही. आम्हाला हे कुणीच सांगितलं नव्हतं. शाळेतही नाही.

त्या बाईंनी मला मराठी शिकवलंच नाही म्हटलं तरी चालेल. त्या म्हणायच्या, “मला कन्नड शिकव.” मी शिकवायचे, त्या चुकायच्या, मी हसायचे. शब्द समजावून सांगायला मला मराठी बोलावं लागायचं. जुलैत दोन्ही विषय सुटले. आता मी नर्सिंगला आहे.

बेळगाव, मराठी शाळेतले शिक्षक

आमच्याकडे चित्र उलटं. इथं मराठी पोर अल्पसंख्य. अडतं ते कन्नडच्या पेपरात. घरी वडीलधारी मंडळी कन्नडचं नाव काढलं की तापतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, त्यांच्या रागाला कारणं आहेत. पण पेपर मुलाला लिहायचाय.

मी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं आणि मुलांना बसस्टँडवर नेलं. बसच्या पाट्या कन्नडमध्ये. खानापूर, नंदगड, कडोली, येळ्ळूर ही गावं तर पोरांना पाठ. कुठली बस कुठं जाते हे आधीच ठाऊक, म्हणून पाटी उलगडायला सोपी. ‘खानापूर’मधून ख, न, प, र मिळाले, ‘येळ्ळूर’मधून ळ. वर्णमालेचा क्रम आपलाच, फक्त अक्षरांची वळणं वेगळी. दीड महिन्यात सगळे वाचायला लागले. त्यातला एक सहामाहीला सगळ्या विषयांत नापास होता. वाचता येतंय हे कळल्यावर त्यानं गणिताची वहीही स्वतःहून उघडली. असं का होतं, मला नीट सांगता येणार नाही, पण पाच-सहा मुलांत मी हे पाहिलंय.

राज्यघटनेत १९५६ साली ३५०-अ कलम आलं, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय व्हावी म्हणून. प्राथमिक! आठवीच्या उंबरठ्यावर त्या पोराचा हात कुणी धरायचा, हे त्यात नाही. जतच्या ताईंचं वाचताना तेच मनात येत होतं.

धारावी, शनिवार-रविवार शिकवणारा

माझा फसलेला प्रयोग सांगतो, कारण तोही कामाचा आहे. तमिळ शाळेतून आलेल्या आठवीच्या सात मुलांसाठी मी नियम केला, वर्गात तमिळ बंद. इंग्रजीची सवय व्हावी हा हेतू. दोन महिन्यांत चार मुलं गळाली. राहिलेली तीन गप्प बसायची आणि मी समजायचो की त्यांना कळतंय. नियम मोडला तो एका मुलीनं. मित्राला त्रिकोण समजावताना ‘मुक्कोणम्’ म्हणाली, आणि दोन मिनिटांत तिनं त्याला जे शिकवलं ते मला दोन आठवड्यांत जमलं नव्हतं. आता ती शिकवते, मी फळा पुसतो. गेलेल्या चारांपैकी दोघांना परत आणलं. दोघे नाही आले.

पुन्हा मी, सोलापूर

जतच्या ताई, तुमच्या त्या बाईंचा ‘मला कन्नड शिकव’ मी कालपासून सुरू केलाय. भिवंडीच्या आपांनाही सांगायचंय, चार रकान्यांचं पान आखलं. लगेच एक गाठ सापडली. तेलुगूत ‘भिन्नम्’ म्हणजे अपूर्णांक, कन्नडमध्ये ‘भिन्नराशी’. आणि आपण मराठीत सांगतो, ‘छेद भिन्न असलेले अपूर्णांक’. तेलुगू मुलगी विचारत होती, “मॅडम, भिन्न तर दोन्ही आहेत ना?” मी इतकी वर्षं हा प्रश्न चुकीचा समजत होते. आता ‘वेगवेगळे छेद’ म्हणते.

अंश आणि छेद कसे सांगायचे ते अजून नीट बसलेलं नाही. उर्दूत शुमार कुनिंदा आणि नसब नुमा, हे शब्द मुलांना उच्चारायलाही जड जातात. कुणी घरातल्या वस्तूंवरून ते शिकवलं असेल तर लिहा. पुरवणीला बसणारी सहा मुलं आहेत माझ्याकडे, आणि सहाही जण तिथंच अडलेत.