ग्रंथपाल आणि कृषिविस्तार: दुवा तुटतो कुठे?

विद्यापीठाच्या ग्रंथपालाचा शेतकऱ्याला काय उपयोग, ही शंका अनेकदा ऐकू येते; ती मला पटत नाही. अमेरिकेत १९१४च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने विस्तारशिक्षण (म्हणजे शेतीतले संशोधन शेतकऱ्यापर्यंत पोचवण्याचे काम) थेट कृषी महाविद्यालयांना जोडले, त्यामुळे तिथे विस्तार शिक्षक आणि ग्रंथपाल बहुधा एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. आपल्याकडे १९७२ साली स्थापन झालेल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठावरही विस्ताराची जबाबदारी आहे, पण गावोगाव फिरणारा सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचा कृषी सहायक) राज्याच्या कृषी विभागाचा. ग्रंथालय आणि शेतकरी यांच्यातला दुवा तुटतो तो तिथे.

नवी मुंबईला लागून असलेल्या पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचेच पाहा. या केंद्राने पनवेल-१, २ आणि ३ या क्षार सोसणाऱ्या भातजाती दिल्या. बांध फुटून भरतीचे पाणी शेतात शिरले, की शेतकरी विचारतो, ‘आता कोणते बी टाकू, आणि त्याआधी खार धुऊन काढायला पावसाचे पाणी किती वेळा भरून सोडू?’ याचे उत्तर एखाद्या प्रबंधात असू शकते. ‘कृषीकोश’ या कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात असे प्रबंध मिळतातही, पण पुष्कळदा इंग्रजीत, आणि क्षारतेचे आकडे विद्युतवाहकतेच्या एककात. नेमका प्रबंध हुडकून काढणे हे ग्रंथपालाचे कसब, तर त्यातले बांधावर कामी येईल तेवढे पानभर मराठीत उतरवणे विस्तार शिक्षकाचे. एकट्यानेच दोन्ही करायचे म्हटले, की जुनीच शिफारस फिरत राहते आणि नवी कपाटात पडते (कपाट आता संगणकात गेले, एवढाच फरक). ठाण्यातल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांनी मुरबाड-शहापूरच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना निदान ग्रंथालयाचे ओळखपत्र तरी द्यावे.