टेस्ट स्पीडला चाल म्हणायचं की वेग?

उद्यमबागकर: आमच्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात टेस्टिंगच्या सूचनांचा फलक लावायचाय. मशीनवरची निम्मी पोरं खानापूर तालुक्यातली, मराठी शाळेत शिकलेली. तीन ठिकाणी अडलोय बघा. डंबेल, म्हणजे मधे अरुंद असा प्लॅस्टिकचा नमुना, ओढताना यूटीएमचा (ताणून बघायच्या मशीनचा) जॉ, म्हणजे पकडणारा जबडा, मिनिटाला ५० मिमी सरकतो, तो टेस्ट स्पीड. आयझॉडचा, म्हणजे आघाताच्या टेस्टचा, लोलक सेकंदाला ३.५ मीटरनं येऊन आदळतो, तिथं इंग्रजी कागद व्हेलॉसिटी म्हणतो. तिसरा स्ट्रेन रेट, म्हणजे तुकडा मूळ लांबीच्या किती टक्के दर मिनिटाला ताणला जातो ते. मी चाल, आघातवेग आणि विकृतिदर लिहिलं. सुपरवायझर म्हणतात, चाल भजनाला असते, मशीनला नाही.

खानापूरची बाई: चालच बरोबर. विज्ञानात आम्ही हेच शिकवतो: चाल अदिश, वेग सदिश, म्हणजे दिशेसकट. भजनाची चाल वेगळी, म्हणून शास्त्रातली सोडायची काय?

निपाणीकर: बाई, दिशेचाच मुद्दा असेल तर जॉ एकाच रेषेत जातोय की. मग तिथं वेग का नको? आणि आयझॉडमध्ये आपण ऊर्जा मोजतो. तिला वेगाचा वर्ग लागतो, दिशा लागत नाही. हा फरक इंग्रजी कागदाच्या सवयीतला आहे. पोरं 'स्पीड कमी कर' म्हणतात, तेच लिहा.

खानापूरची बाई: असं करत करत उद्या मराठीत क्रियापदं तेवढी उरतील.

शहापूरकर: माझं शिक्षण कन्नडमधून. तिथं स्पीडला 'जव', व्हेलॉसिटीला 'वेग'. जव परका नाही हं, रामरक्षेत 'मनोजवं मारुततुल्यवेगं' आपण लहानपणापासून म्हणतो. दोन्ही शब्द एका ओळीत!

चिकोडीकर: जवान त्यातूनच आला असणार. जवाचा तो जवान.

निपाणीकर: जवान फारसी आहे, संस्कृत 'युवन्'चा चुलतभाऊ. आणि फलकावर 'जव' वाचून आमच्याकडची माणसं सातू समजतील.

उद्यमबागकर: मंडळी, खरी अडचण तिसऱ्या शब्दाची आहे. ५० चा स्पीड तोच, पण गेज लेंथ, म्हणजे तुकड्याची ताण मोजायची लांबी, ५० मिमी असेल तर तुकडा मिनिटाला साधारण १०० टक्के ताणला जातो, ७५ असेल तर ६७. म्हणून तर मॉड्युलस (प्लॅस्टिकचा ताठपणा) काढताना आयएसओ ५२७ हे ताणायच्या टेस्टचं मानक मिनिटाला १ टक्क्याच्या आसपास राहायला सांगतं, म्हणजे ७५ च्या गेजला जॉ १ मिमीनं. प्लॅस्टिक पुरणपोळीच्या कणकेसारखं आहे, सावकाश ओढलं तर लांबतं, झटका दिला तर तुटतं. स्पीड वाढवला की ताकद जास्त दिसते, लांबणं कमी. ही गोष्ट पोरांना शब्दातूनच कळली पाहिजे.

निपाणीकर: मग 'विकृतिदर' आधी पुसा. विकृती म्हटलं की माणसाला मनाचा रोग आठवतो. 'ताणण्याचा दर' लिहा.

खानापूरची बाई: ताण म्हणजे स्ट्रेस की स्ट्रेन, हे कोण सांगणार? विकृती शास्त्रात रुळलेला शब्द आहे.

चिकोडीकर: 'लांबण्याचा दर' केलं तर? आणि जवानाचं मला अजून पटलेलं नाही.

शहापूरकर: फलकावर खाली कन्नडही येणार ना? तिथं वेग फक्त लोलकाला लागेल. वर मराठीत जॉलाही वेग लिहिलात, तर दोन्ही भाषा वाचणारा पोरगा कुठला आकडा कुठं घालेल?

निपाणीकर: म्हणूनच म्हणतोय, दोन्हीकडं स्पीड.

खानापूरची बाई: किंवा दोन्हीकडं नीट शिकवा.