शाळेतून घरी जाणारा पहिला फोन तक्रारीचाच का असावा?

डोंगरपट्टा
बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. दसरा-दिवाळी झाली की कितीतरी मुलांचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्याकडे जातात. मुलं आजीआजोबांकडे राहतात, नाहीतर हंगामी वसतिगृहात. भांडणं, शिव्या, पेन्सिल हिसकावणं हे रोजचंच. त्यावर सगळीकडे एकच उपाय चालतो : पालकाला गाठायचं आणि गाऱ्हाणं सांगायचं. मला हे अजिबात पटत नाही. शाळेतून फोन गेला की बाप पहिलं वाक्य बोलतो, "काय केलं त्यानं?" मग घरात पोराला मार बसतो आणि दुसऱ्या दिवशी ते पोर वर्गातल्या लहानग्यावर हात उचलतं.

माझं म्हणणं, काही बिघडायच्या आत, जूनमध्येच घरी जाऊन यावं. पहिला निरोप चांगला असावा. तक्रार नंतर, आणि तीसुद्धा नेमकी. माझ्या वर्गातला एक मुलगा रोज ढकलाढकली करायचा. नोंदवहीत "मस्तीखोर आहे" लिहून मोकळं होता आलं असतं. त्याच्या आजीला मी सांगितलं की तो ढकलतो ते फक्त खिचडीच्या रांगेत, आणि त्याच्या आधीच्या तासाला फार चिडचिड करतो. आजी म्हणाली, "बाई, नुसत्या कोऱ्या चहावर येतंय ते. मी उजाडायच्या आत रोजगाराला जाते." आता ती रात्रीची भाकरी झाकून ठेवते आणि शेजारची वहिनी त्याला खाऊ घालून शाळेत धाडते. मी त्याला ताटं वाटायचं काम दिलं. ढकलणं पुरतं थांबलेलं नाही, पण मारामारीवर जात नाही.

हिंजवडीकर
ताई, तुमच्याकडे जमलं असेल. इकडे 'पालकांचा सहभाग' कसा असतो तेही ऐका. रात्री दहाला वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज येतो : अमुक मुलाने आज तास होऊ दिला नाही, पालकांनी लक्ष द्यावे. सगळ्या घरांत तो वाचला जातो आणि सकाळी स्कूलबसमध्ये मुलं त्याला तेच ऐकवतात. मूल दिवसभर शिक्षकांसमोर असतं, मी तिथे नसतो. घरी बसून मी त्याचं वर्गातलं वागणं कसं बदलू? शाळेतलं शाळेत निस्तरा. वर्ग सांभाळणं हे शिक्षकाचं काम आहे, ते पालकाच्या गळ्यात घालू नका.

निवृत्त मुख्याध्यापक
आमच्या वेळी पालक स्वतः येऊन सांगत, "मारा, पण शिकवा." आज शिक्षकाने नुसता आवाज चढवला तरी पालक भांडायला दारात उभे. याला भागीदारी म्हणत नाहीत, ही शिक्षकाची उलटतपासणी आहे. आधी शिक्षकाच्या शब्दाला घरात मान द्या, मग गृहभेटींचं बोलू.

कलम सतरा
सर, आदर ठेवून सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नुसार शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळालाही मनाई आहे. "मारा" अशी परवानगी पालकही देऊ शकत नाही. आणि कलम 21 प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, म्हणजे पालकाने प्रश्न विचारावेत हे कायद्याने धरलेलंच आहे. खंत वेगळीच आहे. मी ज्या बैठकांना बसले त्यांत स्वच्छतागृह, पोषण आहार आणि रंगरंगोटीच्या पुढे गाडी गेली नाही. वर्गात कसं वागायचं, चुकलं तर काय करायचं, हे पालकांसोबत बसून ठरवायला कोणाची हरकत आहे?

मनपा शाळा, दुसरी तुकडी
हरकत नाही, वेळ नाही. प्राथमिकला 30 मुलांमागे एक शिक्षक हे कागदावर. निवडणुकीची आणि जनगणनेची कामं आमच्याच माथी. वस्तीत आईबाप दोघं कामावर, दाराला कुलूप. गृहभेट कोणाशी करू?

दोघींची आई
'घरच्यांना विश्वासात घ्या' म्हणता, पण प्रत्यक्षात फोन फक्त आईला येतो. प्रवेश अर्जावर दोघांचे नंबर असतात, तरी मुलींच्या बाबांना आजवर शाळेतून एकही फोन नाही. मी ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून जायचं, खाली मान घालून ऐकायचं, आणि घरी परत "तुझ्या लाडाने बिघडली" हे सासूबाईंकडून ऐकायचं. अशाने मूल सुधारत नाही, आई तेवढी शाळेला घाबरायला लागते.

डोंगरपट्टा
ताई, हे मला शंभर टक्के मान्य. मी बापालाच फोन करते, संध्याकाळी गाडी भरून झाल्यावर. "आज तुमच्या लेकानं सगळ्यांना धडा वाचून दाखवला" एवढं ऐकून फडातला बाप बराच वेळ काही बोलत नाही. त्यानंतर महिन्याने मी काही कमीजास्त सांगितलं तर तो ऐकून घेतो, हात उचलत नाही.

मनपाच्या ताई, सगळ्यांच्या घरी जाणं मलाही होत नाही. ज्यांचे आईबाप जाणार आहेत त्यांच्याकडे आधी जाते, बाकीचे आठवडी बाजारात भेटतात.

हिंजवडीकर, ग्रुपवर मुलाचं नाव घेणं ही चारचौघांत केलेली मानहानी आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. पण मूल रात्री झोपलं का, घरात कोणी आजारी आहे का, ते कोणाचं ऐकतं, हे तुम्ही सांगितल्याशिवाय मला कुठून कळणार?

हिंजवडीकर
नेमकं तेच मला शाळेला कळू द्यायचं नाही. घरातलं भांडण, बापाची दारू, नोकरी गेलेली, हे एकदा सांगितलं की शिक्षकांच्या खोलीत चघळलं जातं. पुढच्या वर्षीच्या बाई त्या मुलाकडे त्याच नजरेने बघतात.

डोंगरपट्टा
तसं घडतं, मी नाकारत नाही. म्हणून घरचं कारण मी नोंदवहीत लिहीत नाही. पुढच्या वर्गशिक्षकांना सांगते ते एवढंच : याला पहिल्या रांगेत बसवा, खिचडीच्या आधी याच्यावर ओरडू नका.