मदत हवी आहे: सेकंडहँड इनोव्हा क्रिस्टा का नवी इनोव्हा हायक्रॉस?

नमस्कार मंडळी, लातूरला राहतो, घरात आम्ही सात जण, आईचे गुडघे गेलेत अन् महिन्यातून दोनदा गावाकडं नाहीतर तुळजापूरला चक्कर असतेच. मामाकडं 2005 ला आलेली पहिली इनोव्हा होती, लै फिरलो त्यात, म्हणून मन तिकडंच ओढतंय. आता बघायलोय ती 2018 ची डिझेल क्रिस्टा, एकाच मालकाची, 1 लाख 30 हजार किमी पळालेली. रीडिंग खरं का खोटं देव जाणे! दुसरीकडं नवी हायक्रॉस, पण तिच्यात डिझेलच नाही, पेट्रोल नाहीतर हायब्रीड (पेट्रोल इंजिन अन् बॅटरीची मोटर दोन्ही), अन् चेसिस म्हणजे खालचा सांगाडा बॉडीपासून वेगळा नाही, ओढ पुढच्या चाकाला. क्रिस्टा जुन्या पद्धतीची, लॅडर फ्रेम म्हणजे खाली शिडीसारखा वेगळा सांगाडा अन् मागच्या चाकाला ओढ, आमच्या गावचा रस्ता पावसाळ्यात कसा होतो ते सांगायला नको. पण क्रिस्टात चढताना आईला हात द्यावा लागतो.

एर्टिगा सीएनजी पण बघितली, मागं मोठी माणसं अवघडतात.

ज्यांनी दोन्ही चालवल्यात त्यांनी सांगा, हायक्रॉसमध्ये चढणं खरंच सोपं आहे का? अन् एवढी पळालेली क्रिस्टा घेताना क्लच, टर्बोचं काय बघायचं? हायब्रीडची बॅटरी गेली तर केवढ्याला पडते?